जिनेटची कॅराव्हॅन

व्हँकुव्हर, १४ सप्टेंबर

मोयरा,

तुझं कार्ड मिळालं. तू ते जुन्या पत्त्यावर टाकलंस, तिथून फिरत फिरत ते काल माझ्या हातात आलं. बारशाचा फोटोही नीट आहे, फक्त एक कोपरा दुमडलाय. एल्सी हे नाव छान आहे. हनुवटी लेनोरची आहे, तुझ्या आईची. तुझीही तशीच होती. फोटो जुना आहे, त्यात ती जेमतेम वर्षाची दिसते. फोटोच्या मागच्या तारखेवरून पाहिलं तर आता चांगली पाच वर्षांची असेल.

तू 'डिअर ऑर्विल' असं लिहिलंस. चालेल. इतक्या वर्षांनी काय लिहायचं हा प्रश्न मलाही पडलाय, आणि लेनोरनं तुला हॅलिफॅक्सला नेलं तेव्हा तर तू शाळेत होतीस. लेनोर वारल्याचं तुझ्या मावशीनं कळवलं होतं. तेव्हा तुला लिहायला बसलो होतो. दोन ओळींपुढं गेलं नाही.

तू विचारलंस, मी काय करतो. आता काही करत नाही. ट्रॉलीबसच्या वरच्या तारा दुरुस्त करायचं काम खांदा गेल्यावर सुटलं. पण सवय जात नाही. अजून रस्त्यानं चालताना मान वर असते. लोकांना वाटतं म्हातारा देवाशी बोलतोय.

यंदा डोंगरातल्या वणव्यांचा धूर शहरावर बराच काळ बसून होता. सूर्य संत्र्यासारखा दिसायचा. आता पावसानं धूर धुतला. म्हणजे आता पाऊसच.

घर बदललंय. नवी जागा लहान आहे, पण माणूस एकटा, त्याला किती लागतं? सगळं हाताशी आहे. अंथरुणात पडल्यापडल्या चहाचं भांडं काढता येतं. समोर रेल्वेचे रूळ, त्यापलीकडे बंदराच्या क्रेन. वारा फिरला की कोंबड्यांच्या कारखान्याचा वास येतो, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. शेजारी जिनेट नावाची बाई आहे, क्युबेकची. हॉटेलात भांडी घासायची, आता गुडघे गेलेत. तिला मी आवडत नाही असं ती मला रोज सांगते आणि रोज सूप आणून देते.

पत्र पाकिटावर लिहिलेल्या कम्युनिटी सेंटरच्या पत्त्यावर टाक. तिथली माणसं जपून ठेवतात.

ऑर्विल


२० ऑक्टोबर

मोयरा,

तू एवढं लांब पत्र लिहिशील असं वाटलं नव्हतं. सेंटरमध्ये खिडकीजवळ बसून दोनदा वाचलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "चांगली बातमी का?" मी म्हटलं, "बातमी नाही, मुलगी आहे."

जुनी जागा का सोडली असं तू विचारलंस. मी सोडली नाही. पाव्हलिचबाईंच्या तळघरात मी एकोणीस वर्षं राहिलो. दर रविवारी त्या जिन्यावरून ओरडायच्या, "ऑर्विल, जिवंत आहात का? असाल तर कोबी न्या!" त्या गेल्या. त्यांची मुलं भली आहेत, अंत्यविधीला मला पुढच्या रांगेत बसवलं. मग त्यांनी घर विकलं. घेणाऱ्याला घर नको होतं, जमीन हवी होती. पाडायला मशीन आलं त्या दिवशी मी बघायला गेलो. मशीननं माझ्या स्वयंपाकघराची भिंत उचलली तेव्हा माझं कॅलेंडर तिच्यावर लटकत होतं. शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग जागा शोधल्या. या शहरात आता जागा शोधणं म्हणजे मुलाखतीला जाणं. बघायला गेलो तर जिन्यात आधीच रांग, सगळे तरुण, सगळ्यांच्या हातात पगाराचे कागद. एका पोरीनं मला खुर्ची दिली आणि जागा तिनं घेतली.

पण झालं ना शेवटी. आता ठीक आहे.

दिवस जातो. सकाळी तरणतलावावर जातो. खरं तर पाण्यात कमी आणि शॉवरखाली जास्त. मग सेंटरमध्ये पेपर. शुक्रवारी युक्रेनियन चर्चमध्ये पिरोगी असतात, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. संध्याकाळी कावळे बर्नाबीकडे झोपायला निघतात, हजारोंनी, आभाळ काळं करून. तू लहान असताना त्यांना हात करायचीस. आठवत नसेल.

जिनेटला तुझ्याबद्दल सांगितलं. ती वाटाण्याचं सूप ढवळत होती.

"तिला माहीत आहे?" जिनेटनं विचारलं.

"काय?"

"काय म्हणे! म्हाताऱ्या, तू खोटं बोलतोस तेव्हा कान लाल होतात तुझे. बरं आहे, पत्रात कान दिसत नाहीत."

ती अशी काहीबाही बोलते. मनावर घेऊ नकोस. तिला खोकला झालाय, म्हणून जरा चिडचिडी आहे.

ऑर्विल


२८ नोव्हेंबर

मोयरा,

तुम्ही दोघी नाताळाआधी येताय हे वाचून मी सेंटरमधून बाहेर आलो आणि माझी बस ज्या बाजूला लागते तिच्या उलट्या बाजूला चालत गेलो. बरंच पुढं गेल्यावर कळलं.

ये. नक्की ये. फक्त एक अडचण आहे. एल्सीला आजोबांच्या घरी झोपायचंय असं तू लिहिलंस. घरात सध्या रंगकाम चाललंय. ओल आली होती, ती काढताहेत. वास फार आहे, मुलीला त्रास होईल. तेव्हा तुम्ही हॉटेलात उतरा, आणि शनिवारी सकाळी आपण स्टॅन्ले पार्कातल्या मत्स्यालयाच्या दाराशी भेटू. मुलांना तिथली समुद्री पाणमांजरं आवडतात. उताणी पोहतात, पोटावर शिंपला ठेवून. आधी भेटू, मग पुढचं ठरवू.

मला ओळखशील का? उंची तीच आहे, केस गेलेत. निळा रेनकोट घालीन. इथं सगळेच निळा रेनकोट घालतात म्हणा.

तू फोन नंबर पाठवलास तो ठेवलाय जपून. माझ्या फोनचं चार्जिंग राहत नाही, म्हणून पत्रच बरं.

जिनेटचा खोकला हटत नाही. तिला म्हटलं दवाखान्यात चल. म्हणाली, "मी गेले की ते लोक येतील." तिचंही खरं आहे.

ऑर्विल


२४ डिसेंबर

मोयरा,

तू परत पोचली असशील. एल्सी बर्फात माझी वाट बघत उभी होती का, की तू तिला आत नेलंस? आत नेलं असशील अशी आशा आहे. त्या शनिवारी फार गारठा होता.

मी आलो नाही. का आलो नाही ते लिहितो. शेवटपर्यंत वाच, मग काय वाटायचं ते वाटू दे.

मी घरात राहत नाही. व्हॅनमध्ये राहतो. पाव्हलिचबाईंचं घर गेल्यापासून, म्हणजे दीड वर्षाच्या वर. रंगकाम वगैरे काही नव्हतं. ओल मात्र खरी आहे. सकाळी छतावरून आपल्याच श्वासाचं पाणी तोंडावर टपकतं, ते टॉवेलनं पुसून काढायचं. क्लार्क ड्राइव्हजवळ रुळांच्या कडेला आम्ही काहीजण गाड्या लावून राहतो. सारखं हलावं लागतं. आज या बाजूला, परवा त्या बाजूला. एका जागी जास्त थांबलं की काचेवर नोटीस, आणि नोटिशीनंतर टोइंगवाला.

जिनेट म्हणजे माझ्या मागच्या कॅराव्हॅनमधली बाई. तिचं इंजिन बंद पडलेलं होतं. हलवायचं झालं की आम्ही दोघं-तिघं मिळून ढकलायचो आणि ती आत बसून स्टिअरिंग फिरवत शिव्या द्यायची, फ्रेंचमध्ये. "ढकला रे, नवरीची गाडी समजून ढकला!" मग बर्फ पडला, चाकं गोठली आणि गाडी हलेना. नोटीस लागलेलीच होती.

गुरुवारी दुपारी ती पायरीवरून उतरताना पडली. श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते. मी अँब्युलन्स बोलावली. ती नको म्हणत होती. बेघरांच्या निवाऱ्यात जायलाही ती असंच नको म्हणायची, कारण तिथं मांजर घेत नाहीत, आणि गाडी सोडली की गाडी गेलीच. स्ट्रेचरवर घातल्यावर तिनं माझी बाही धरली.

"गाडी सोडू नकोस. माझं सगळं आत आहे."

"नाही सोडत."

"शपथ घे."

"घेतली, बाई. आता मास्क लावू दे त्यांना."

"याला शनिवारी मुलीला भेटायचंय," तिनं अँब्युलन्सवाल्या पोराला सांगितलं, "आणि शर्ट बघा याचा!"

हे तिचं माझ्यासमोरचं शेवटचं बोलणं.

शुक्रवारी कोणी आलं नाही. मला वाटलं निभावलं. मी लॉन्ड्रीत जाऊन शर्ट धुतला, इस्त्री करून घेतला. तलावावर जाऊन दाढी केली. शनिवारी सकाळी मी रेनकोट चढवत होतो आणि टो ट्रक आला.

चालवणारा तरुण शीख पोरगा होता. वाईट नव्हता. आकडा लावायला वाकला, तर मी मध्ये उभा राहिलो.

"आजोबा, बाजूला व्हा. हिच्यावर नोटीस आहे."

"बाई इस्पितळात आहे. एकदोन दिवसांत येईल."

"मग तिनं यार्डातून सोडवून घ्यावी. मला काय करायचं? मला पत्ता देतात, मी उचलतो."

"आत मांजर आहे."

"मांजर काढा."

"आत माणूस असेल तर उचलता येते का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोकं हलवलं. "आजोबा, असं करू नका."

मी आत गेलो, दाराला कडी लावली आणि तिच्या बिछान्यावर बसलो. मांजर कपाटावरून बघत होतं. तिनं आतून सगळं लखलखीत ठेवलं होतं, मोयरा. भांडी दोरीनं बांधलेली, खिडकीत प्लॅस्टिकचं जिरेनियमचं रोप, त्यावरही धूळ नाही.

तो पोरगा ट्रकमध्ये बसून राहिला. फोनवर बोलला. बऱ्याच वेळानं खिडकीवर टकटक केली आणि कॉफी दिली. म्हणाला, "साहेब येताहेत, त्यांच्याशी बोला." मग माझ्या अंगातला इस्त्रीचा शर्ट बघून त्यानं विचारलं, "कुठं जायचं होतं का?"

"मुलीला भेटायचं होतं. पार्कात."

"मग जा ना!"

"मी गेलो की तू उचलशील."

त्यानं ट्रकच्या आकड्याकडे पाहिलं. खोटं बोलला नाही. मग त्यानं स्वतःचा फोन काढून माझ्यापुढं धरला. "निदान फोन तरी करा तिला."

तुझा नंबर माझ्या खिशात होता. मी फोन घेतला नाही. हे तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, कारण तुला कसं कळणार होतं? पण घेतला नाही. काय सांगणार होतो? कुठून बोलतोय विचारलं असतंस तर? मला वाटलं, अजून वेळ आहे, साहेब येईल, समजून घेईल, मग टॅक्सी करून येईन. साहेब आला तेव्हा दुपार उलटून गेली होती. त्यानं ऐकून घेतलं, सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला आणि दोघं निघून गेले. मी मत्स्यालयापाशी पोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं. एक माणूस पायऱ्यांवर मीठ टाकत होता. मी विचारलं, बाई आणि लहान मुलगी दिसली का? म्हणाला, आज अशा पुष्कळ आल्या.

तुझं हॉटेल कुठलं ते मला माहीत होतं. तिथंही गेलो. रस्त्याच्या पलीकडून वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. वर गेलो नाही. अंगाला मांजराचा आणि गॅसचा वास येत होता.

रविवारी मी इस्पितळात गेलो, जिनेटला सांगायला की गाडी जागेवर आहे. नर्सनं नाव विचारलं, संगणकात पाहिलं आणि मला खुर्चीत बसायला सांगितलं. खुर्चीत बसायला सांगतात तेव्हाच कळतं. ती शुक्रवारीच गेली होती. मी शनिवारी कडी लावून बसलो तेव्हा ती नव्हतीच. कोणाला कळवणार होते? तिच्या कागदावर कोणाचंच नाव नव्हतं.

परत आलो तर कॅराव्हॅन नव्हती. सोमवार उजाडायच्या आधीच नेली. दुसराच कोणी आला असेल, त्या पोरावर मी आळ घेत नाही. बर्फात तेवढा काळा चौकोन उरला होता. मांजर मी शनिवारी निघतानाच माझ्या व्हॅनमध्ये नेलं होतं, तेवढं बरं झालं.

तू चिडली असशील. चिड. मला तुझ्याकडून काही नको आहे. पैसे पाठवू नकोस. मी कुठं होतो एवढं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. माझा फोन नंबर सोबत देतोय, खरा आहे. चार्जिंग सेंटरमध्ये करतो.

ऑर्विल


११ जानेवारी

मोयरा,

तुझं उत्तर आलं नाही. यायलाच हवं असं नाही.

जिनेटचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी दोन आठवडे सरकारी कचेऱ्यांत फिरलो. पहिल्या खिडकीवर विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हटलं, "शेजारी." "पत्ता?" आता काय सांगू? म्हटलं, "आमच्या गाड्या एकामागे एक लागायच्या." बाईनं पेन खाली ठेवलं. पण हसली नाही.

आधी नातेवाईक शोधावे लागतात. त्यांना क्युबेकमध्ये एक भाऊ सापडला. भाऊ म्हणाला, तुम्हाला काय करायचं ते करा, मला कळवायची गरज नाही. बाईनं मला हे सांगताना आवाज खाली आणला, जणू माझाच भाऊ होता. दहनाच्या वेळी मी होतो, आणि आमच्या रांगेतला एक तरुण, ज्याचं नावही मला नीट माहीत नाही. पाद्री नव्हता. मला फ्रेंच येत नाही. तिच्या शिव्यांपैकी एक येत होती, ती म्हटली. तो तरुण हसला आणि मग रडायला लागला.

राख पुठ्ठ्याच्या पेटीत देतात. पेटी माझ्या व्हॅनमध्ये आहे. मांजर तिच्यावर झोपतं. इतर कुठं झोपायला तयारच नाही.

तिचं सामान यार्डातून सोडवून आणायला गेलो होतो. मालक तुम्ही नाही म्हणाले. बरोबरच आहे. तारेच्या कुंपणातून गाडी दिसत होती. खिडकीत जिरेनियम तसंच होतं, हिरवंगार.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. शेवटच्या सहीच्या वेळी त्या बाईनं मला विचारलं, "आणि तुमचं? तुम्हाला काही झालं तर कोणाला कळवायचं?" चांगल्या मनानं विचारलं तिनं. "लिहून खिशात ठेवत जा. आम्हाला शोधायला सोपं पडतं." मी म्हटलं, "बघतो." बाहेर आलो, बसथांब्यावर बसलो. दोन बस गेल्या. मग एका कागदावर माझं नाव लिहिलं, आणि खाली 'मुलगी' असं लिहून तुझं नाव आणि नंबर लिहिला. पाकिटात ठेवलाय.

तुला न विचारता लिहिलं. नको असेल तर तसं कळव, मी खोडून टाकीन. खरंच राग येणार नाही. पण तोपर्यंत राहू दे असं मी ठरवलंय, कारण रात्री थंडी फार असते आणि दुसरं कोणाचं नाव मला सुचलं नाही.

ऑर्विल


६ फेब्रुवारी

मोयरा,

काल तू फोन केलास तेव्हा मी तरणतलावाच्या बाहेर उभा होतो. केस ओले, एका हातात टॉवेल. फोन वाजला तर आधी वाटलं दुसऱ्या कोणाचा वाजतोय. तुझा आवाज मी कोणाचा म्हणून ओळखणार होतो? शेवटी ऐकला तेव्हा तू दूध सांडलं म्हणून रडत होतीस.

तू बराच वेळ रागावून बोललीस. ते सगळं ऐकलं. "एल्सीनं तीन तास हातमोजा चावला" हे ऐकलं. "आई म्हणायची तेच खरं" हेही ऐकलं, आणि लेनोर काय म्हणायची असेल ते मला माहीत आहे. "निदान खोटं तरी बोलायचं नव्हतं" हे म्हणालीस तेव्हा मी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे नंतर लक्षात आलं. तेव्हा इथं लिहितो. हो. बोलायला नको होतं.

मग तू गप्प झालीस. मला वाटलं ठेवलास. आणि मग म्हणालीस, "ते नाव खोडू नका."

हे स्पष्ट ऐकू आलं.

त्यानंतर तू आणखी काहीतरी बोललीस. बरंच बोललीस, आवाजही बदलला होता. पण तेवढ्यात कचऱ्याचा ट्रक आला आणि रिकामे डबे आपटायला लागला, नेमका माझ्याजवळ. मी कान दाबून धरला, भिंतीकडे तोंड केलं, "काय? काय?" असं ओरडलो. तू बोलतच होतीस. ट्रक पुढं गेला तेव्हा फोनचं चार्जिंग संपलं होतं.

ते काय होतं? चांगलं असो की वाईट असो, चालेल. पण तू बोललीस आणि मला ऐकू आलं नाही, असं नको व्हायला.

लिहून पाठव.

ऑर्विल